गिडियन हेटलीचा जन्म कुठला

हॉकलॉच्या पंचक्रोशीत नांगराचा सरळ तास कुणाचा, हे कुणाला विचारावं लागत नसे. गिडियन हेटली स्वतःच सांगायचा. लोहाराच्या भात्याशी बसून सांगायचा, चर्चच्या दाराशी टोपी हातात घेऊन सांगायचा, ऐकायला माणूस नसला तर पाणी पिणाऱ्या घोड्यांना सांगायचा. आणि त्यात खोटं काही नव्हतं हो. त्यानं नांगरलेल्या रानाच्या वरच्या टोकाला उभं राहावं, तासात एक अंडं सोडावं, ते घरंगळत थेट खालच्या भिंतीला जाऊन टेकावं, असा तास. बढाई मारायची तर अंगात दम लागतो. गिडियनच्या अंगात तो होता. दमाच्या दीडपट बढाई होती, एवढंच.

बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात म्हातारी आई एल्स्पेथ, धाकटी बहीण टिबी आणि हा कर्ता. घर मालकाचं. औत हाकणाऱ्याला घर मिळायचं ते एका अटीवर: त्यानं आपल्याबरोबर शेतात राबायला एक बाई आणली पाहिजे. बायको आणा, बहीण आणा, नाहीतर कुणाची तरी पोर खाऊनपिऊन घरात ठेवा. पण बाई नाही तर घर नाही. हेटल्यांच्या घरची कराराची बाई म्हणजे टिबी. सलगम उपटायला टिबी, शेण पसरायला टिबी, मळणीला टिबी. गिडियन बाहेर सांगायचा, माझी बहीण दोन गड्यांचं काम करते. घरात तसं कधी बोलला नव्हता.

आणि ह्याच टिबीवर रेफ डॉड्सचं मन बसलं होतं.

रेफ त्याच तबेल्यात घोड्यांची दुसरी जोडी हाकायचा आणि वरच्या माळ्यावर झोपायचा. माणूस चांगला, हाताला चांगला, पिणं बेताचं. खोट एकच. तो ट्वीड नदीच्या पलीकडचा होता, म्हणजे इंग्लंडचा. नदी शेताच्या खालूनच वाहायची; अलीकडं स्कॉटलंड, पलीकडं इंग्लंड. रेफची आई पलीकडच्या काठावर इतकी जवळ राहायची की तिच्या चुलीचा धूर इकडून दिसायचा. पण गिडियनच्या लेखी रेफ सातासमुद्रापलीकडचा.

मे महिन्यात वर्षाचे करार संपायचे. मग मजूरमंडळी बिऱ्हाडं गाड्यांवर लादून नव्या शेतावर जायची. रेफनं येत्या मेपासून पलीकडचं एक शेत धरलं होतं. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी दुपारी, तबेल्यात खरारा करता करता, त्यानं विषय काढलाच.

"गिड, सोमवारी माझा नवा मालक बाजाराला इकडून जाणार आहे. त्याला सांगायचंय, एकटा येतोय की बायको घेऊन. बायको असली तर घर देतो म्हणाला."

"एकटा येतो म्हणून सांग."

"टिबीला विचारलंस?"

"टिबीला काय विचारायचं? आमच्यात पाण्यापलीकडं मुली देत नाहीत."

"पाणी गुडघ्याएवढं तर आहे."

"गुडघ्याएवढं असो नाहीतर गळ्याएवढं. मी हॉकलॉचा. हॉकलॉत जन्मलो, हॉकलॉत बाप्तिस्मा झाला, ह्या मातीत माझ्यासारखा तास कुणी काढला नाही. माझी बहीण तिकडं जाऊन काय खाणार? तुमच्या लोकांना भाकरीत मीठ घालायची अक्कल नाही."

"गेल्या हंगामात माझ्या आईची भाकरी खाल्लीस, तेव्हा मागून घेतलीस."

"भूक लागली होती."

रेफनं खरारा घोड्याच्या पाठीवरच ठेवला. मग म्हणाला, "सोमवारपर्यंत विचार कर. चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारायची, मग लग्न, मग बिऱ्हाड हलवायचं. सोमवारी नाही ठरलं तर ह्या वर्षी होत नाही. आणि पुढच्या वर्षी मी कुठं, तुम्ही कुठं."

"मी इथंच," गिडियन म्हणाला. "हॉकलॉत."

त्या वर्षी, म्हणजे १८६१ साली, सरकारनं माणसं मोजायला काढली होती. हॉकलॉ पॅरिशचं काम, म्हणजे ह्या चर्चच्या हद्दीतल्या सगळ्या घरांचं काम, लिडल मास्तरांकडं होतं. त्यांनी आठवड्यात घरोघर एक मोठा कागद टाकला आणि बजावून सांगितलं: रविवारी रात्री घरात जो जो झोपेल त्याचं नाव, वय, धंदा, जन्मगाव लिहून ठेवा. खोटं लिहिलं तर दंड आहे. सोमवारी सकाळी मी न्यायला येतो.

गिडियन दोन हिवाळे शाळेत गेला होता. त्याला वाचता यायचं, लिहिता यायचं, फक्त दोन्ही एकदम करायला लागलं की घाम फुटायचा. पण कागदावर पहिलाच रकाना होता 'घरचा कर्ता', आणि तो वाचून त्याची छाती जी फुगली ती दोन दिवस उतरली नाही.

शनिवारी जेवणं झाली. आईनं टेबल पुसलं. बाहेर अजून उजेड होता. गिडियननं दौत उघडली आणि पहिल्याच पायरीला ठेचकाळला.

"रविवारी रात्री जो झोपेल तो," त्यानं बोटानं वाचलं. "आज तर शनिवार."

"मग उद्या लिही," टिबी म्हणाली.

"उद्या रविवार," आई म्हणाली. "रविवारी ह्या घरात शाई उघडायची नाही. तुझ्या आज्यानं रविवारी दाढी केली नव्हती."

"पण उद्या कोण झोपणार ते मी आज कसं लिहू? उद्या आपल्यातलं एखादं मेलं तर?"

"मेलेलं पण झोपलेलंच की," टिबी म्हणाली.

"टिबे, देवाला भी."

शेवटी असं ठरलं की आज लिहायचं आणि रविवारी रात्री सगळ्यांनी कागदावर लिहिल्याप्रमाणे झोपायचं. पुढचा प्रश्न होता, खिडकी असलेल्या खोल्या किती. हा प्रश्न गिडियनला अपमानाचाच वाटला. खोली एक होती आणि ती मालकाची. पण खिडकी हेटल्यांची होती. चार काचांची, बापानं घेतलेली; दर मेमध्ये चौकटीसकट काढायची, गाडीवर बांधायची, नव्या घराच्या भोकात बसवायची. पलंगही तसाच, लाकडी पेटीचा, आईच्या माहेरचा. उभं घड्याळही आपलंच. मालकानं दिलेल्या चार भिंती म्हणजे नुसतं खोकं. घर ते गाडीवरून येत असे.

"खोली एक, मालकाची. खिडकी आमची," असं त्यानं लिहिलं आणि मान वाकडी करून अक्षर बघितलं. मग आईचं नाव, टिबीचं नाव. टिबीचा जन्म कुठला?

"काळ्या गाईला जुळं झालं त्या वर्षीची," आई म्हणाली. "तेव्हा आपण फोगो गावात होतो. म्हणजे फोगो."

"आणि मी हॉकलॉ," असं म्हणून गिडियननं टाक शाईत बुडवला.

आईचे हात विणकामावर थांबले. "दंड आहे म्हणाले ना मास्तर? खोट्याला?"

"खोट्याला. मी कुठं खोटं लिहितोय?"

"मग हॉकलॉ नको लिहू."

टाकाच्या टोकाला थेंब जमला होता. तो कागदावर पडू नये म्हणून गिडियननं टाक तसाच हवेत धरला.

"तुझा बाप तरुणपणी एक वर्ष पलीकडं कामाला होता," आई म्हणाली. "ते त्यानं पुढं कधी तोंडातून काढलं नाही. तुझ्यासारखाच होता तो. वर्ष संपलं आणि आम्ही मेमध्ये हॉकलॉला यायला निघालो. हॉकलॉच्या मालकानं गाडी पाठवली होती. गाडीत पलंग, पलंगावर मी, उशाला खिडकी बांधलेली, मागं गाय. माझे दिवस भरत आले होते, पण अजून वेळ आहे असं सगळ्या बायका म्हणाल्या. नदीच्या उतारावर, पाणी उथळ असतं तिथं, गाडी पाण्यात घातली, आणि कळ आली. तुझा बाप म्हणतो, काठ येईस्तोवर थांब. मी म्हणाले, मी थांबते, हा थांबत नाहीये."

टिबीनं तोंडाला एप्रनचा बोळा लावला.

"नदीत?" गिडियन म्हणाला.

"गाडीत. गाडी नदीत."

"अलीकडं का पलीकडं?"

"मधे."

"मधे म्हणजे कुठं? सीमा मधेच असते, आई. निम्मी नदी त्यांची, निम्मी आपली. मधल्याच्या अलीकडं का पलीकडं?"

"मला काय ठाऊक? मी काय नदी मोजत होते? खिडकीच्या काचेतून एक काटेरी झाड दिसलं, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. ते बघितलं आणि तू रडलास."

"कुठल्या काठावरचं झाड?"

"त्या काचेतून? त्या काचेतून बदक बघितलं तर मेंढी दिसते."

"गाडीचं तोंड कुठं होतं?"

"गाडीवान खड्डा चुकवायला घोडं फिरवत होता. कधी इकडं, कधी तिकडं. तो मेला बिचारा."

"घड्याळ होतं ना गाडीवर? ते थांबलं असेल दणक्यानं."

"घड्याळाला वेळ कळते, दादा," टिबी म्हणाली. "जागा कुठं कळते?" आणि मग तिला हसू आवरेना, ती गाईचं निमित्त करून बाहेर गेली.

थेंब शेवटी कागदावर पडलाच. गिडियननं रकाना तसाच सोडला. कागदावर छापलं होतं, स्कॉटलंडात जन्म असेल तर जिल्हा आणि पॅरिश लिहा. देशाबाहेरचा असेल तर नुसतं देशाचं नाव. त्याच्या डोळ्यांपुढं तो एकच शब्द नाचायला लागला. आईपुढं जिल्हा, पॅरिश. बहिणीपुढं जिल्हा, पॅरिश. आणि सगळ्यांच्या वर घरचा कर्ता, पंचक्रोशीत सरळ तास काढणारा: इंग्लंड.

रविवारी चर्चमध्ये पाद्री काय बोलले ते त्याला कळलं नाही. सगळी मंडळी स्तोत्राला उभी राहिली तेव्हा तो बसला आणि बसली तेव्हा उभा राहिला. दुपारी आई डुलकी घेत होती. तो उगीच निघाल्यासारखा निघाला आणि नदीच्या उतारावर आला.

बूट, मोजे काठावर ठेवले. रविवारची विजार गुडघ्यावर दुमडली. डोंगरातलं बर्फ वितळून आलेलं पाणी, पायाला सुयांसारखं टोचत होतं. चालत चालत तो साधारण मध्यावर आला, थांबला, दोन्ही काठांकडं बघितलं. मग आणखी दोन पावलं गेला. मग एक मागं आला. शेतात तो दोन काठ्या रोवायचा आणि डोळा लावायचा, तास आपोआप सरळ. इथं काठी रोवली तर पाणी घेऊन जात होतं.

काटेरी झाड अलीकडच्या काठावर होतं. एक पलीकडच्याही काठावर होतं. तिसरं थोडं खाली, पुन्हा पलीकडं. फुलं अजून कशालाच नव्हती. सगळी सारखीच काळी, सारखीच काटेरी.

आपण आत्ता कुठल्या देशात उभे आहोत, हे त्याला कळेना. उजवा पाय एखाद्या वेळी हॉकलॉत असेल आणि डावा नसेल. त्यानं डावा उचलून बघितला. काही फरक वाटला नाही, आणि फरक वाटला नाही ह्याचंच त्याला भय वाटलं. तीस वर्षं माणूस सांगतो, मी हॉकलॉचा; आणि त्याचं रक्त, त्याची हाडं एक अक्षर बोलत नाहीत.

पलीकडून कुणीतरी पाण्यात उतरलं. रेफ. दर रविवारी आईकडं जेवून तो ह्याच वेळी परत यायचा. हातात फडक्याची पुरचुंडी होती. गिडियनला पळायचं होतं, पण गुडघाभर पाण्यात पळणारा माणूस उभ्या माणसापेक्षा जास्त दिसतो.

"गिड," रेफनं जवळ येऊन विचारलं, "घोडा हरवला का?"

"नाही."

"मग मासे? रविवारी?"

"नाही रे."

"बाप्तिस्मा तर झालाय तुझा. हॉकलॉत. तू सांगतोस."

गिडियननं पायाखालच्या पाण्याकडं बघितलं. मग म्हणाला, "नदीचा मध्य कुठं असतो?"

रेफनं ह्याचा खरंच विचार केला. तसा माणूस होता तो, वेड्याच्या प्रश्नालाही उत्तर शोधणारा. "कधीचा?"

"कधीचा म्हणजे? मध्य तो मध्य."

"तसं नाही. हा गोट्यांचा पट्टा बघतोस? मी लहान होतो तेव्हा तो तिकडं होता, आमची मेंढरं त्यावर बसायची. पूर आला, उचलून इकडं टाकला. आता मध्य म्हणशील तर तो गेल्या पुराच्या आधीचा का नंतरचा?"

"तीस वर्षांपूर्वीचा. मेचा."

"तीस वर्षांपूर्वी मी आईच्या मांडीवर होतो. मध्य बघितला असेन, पण आठवत नाही. कशाला हवाय?"

"एका माणसाचं काम आहे," गिडियन म्हणाला. "त्याची आई गाडीवर होती. बिऱ्हाड हलवत होते. तो गाडीतच झाला. हितं, पाण्यात. आणि आता कागदावर लिहायचंय."

रेफनं गिडियनकडं बघितलं, मग पाण्याकडं, मग हातातल्या पुरचुंडीकडं. हसला असता तर गिडियननं त्याला तिथंच बुडवला असता, निदान प्रयत्न तरी केला असता. तो हसला नाही. त्यानं पुरचुंडी सोडली, जवाच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि दिला. दोघं पाण्यात उभं राहून खायला लागले.

"मी दर रविवारी दोनदा इथून जातो," रेफ म्हणाला. "कुठंतरी एका पावलाला मी इंग्लंडातून स्कॉटलंडात येत असणार. कुठल्या पावलाला, ते मला आजवर कळलं नाही."

"आणि तो माणूस इंग्लिश निघाला तर?"

"तर त्याच्या भाकरीत मीठ कमी."

गिडियननं चावणं थांबवलं. मग गिळलं. मीठ बरोबर होतं, खरं तर थोडं जास्तच.

"हे कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

"काय सांगू? एक माणूस नदीत उभा होता? कुणाचा विश्वास बसणार." रेफ विजार सावरत पुढं निघाला. गिडियनही निघाला. चार पावलं गेल्यावर रेफनं मागं वळून हाक दिली, "गिड, तू तिकडं कुठं चाललास? घर इकडं आहे."

गिडियन थांबला. तो पलीकडच्या काठाला लागला होता.

रविवारी रात्री सगळे कागदाप्रमाणे झोपले. म्हणजे बाकीचे झोपले.

सोमवारी सकाळी लिडल मास्तर आले तेव्हा गिडियन घोडे जुंपायला जायचा थांबला होता. आई चुलीशी. टिबी डोक्याला फडकं बांधून, बुटांना गवत गुंडाळून, खुरपं घेऊन दारात उभी. ती बाहेर जात नव्हती की आत येत नव्हती. मास्तरांनी चष्मा लावला, कागद उभा धरला.

"'खिडकी आमची.' हे काय आहे, गिडियन?"

"खरं आहे, मास्तर."

"खरं असेल. सरकारला खिडकी कुणाची ते नकोय." त्यांनी त्यावर रेघ मारली. "वा, अक्षर बरं आहे. आणि हा शाईचा डाग कुठला? जन्मगाव लिहिलं नाहीस स्वतःचं?"

"राहिलं."

"सगळ्यांचं लिहिलंस आणि स्वतःचं राहिलं? तुझं तर मी झोपेत पण सांगेन. चर्चच्या दाराशी दर रविवारी ऐकतो."

चुलीशी लाकूड ढोसत आई म्हणाली, "पलंगात जन्मला तो, मास्तर. माझ्या माहेरच्या पलंगात. पलंग फोगोचा. म्हणजे तो फोगोचा."

"एल्स्पेथबाई, पलंग कुठल्या सुताराचा ते नको. जन्माच्या वेळी पलंग कुठल्या पॅरिशमध्ये उभा होता?"

"उभा नव्हता. चालला होता."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांना अजून खालच्या वस्तीची सगळी घरं करायची होती. "हे बघ गिडियन, एक काहीतरी सांग. मी लिहितो आणि जातो."

गिडियननं तोंड उघडलं. हॉकलॉ हा शब्द त्याच्या जिभेवर तीस वर्षं मुक्कामाला होता, आणि आज बोलावलं तर बाहेर येईना. खोटं बोललो तर आई ऐकणार. खरं बोलावं तर खरं काय ते कुणालाच ठाऊक नाही. नदीला विचारलं, तिनंही सांगितलं नाही. आणि दारात टिबी. त्याला पक्कं ठाऊक होतं, आता ही बोलणार. शनिवारपासून तिच्या हातात कोलीत होतं. एक शब्द पुरला असता: दादा, आता पाण्यापलीकडं मुलगी देत नाहीस का? तो स्वतः तिच्या जागी असता तर त्यानं हा शब्द शनिवारीच वापरला असता, आणि लोहाराकडं जाऊन परत वापरला असता.

"दादा हॉकलॉचा आहे, मास्तर," टिबी म्हणाली. "सगळ्या पॅरिशला ठाऊक आहे. आईचं वय झालं, ती कधी कधी गाड्यांची गल्लत करते."

आईनं तिच्याकडं बघितलं. मग ती पुन्हा चुलीकडं वळली.

"झालं तर," म्हणत मास्तरांनी लिहिलं: जिल्हा बेरिकशर, पॅरिश हॉकलॉ. गिडियन ते अक्षर उलट्या बाजूनं बघत राहिला. ह्यानं आपण खूश व्हायला हवं, हे त्याला कळत होतं. खूश तो झालाही. पण खुशीच्या खाली काहीतरी दगडासारखं लागत होतं, नांगराचा फाळ अडतो तसं.

मास्तर कागद घेऊन गेले. टिबी सलगमाच्या रानाकडं निघाली.

"टिबे," गिडियननं हाक मारली. "ती विणकराची मेग. कामाला कशी आहे?"

"कुठली मेग?"

"किती मेगा आहेत? विणकराची. सलगम उपटते ना ती वरच्या शेतावर? पाठ सरळ राहते का तिची, का दुपारनंतर बसते?"

टिबी परत दोन पावलं आली. "कशाला?"

"मालकाला कराराची बाई लागते मेपासून. बाई नाही तर घर नाही. आईला घेऊन मी काय नदीत राहू?"

तिनं खुरपं ह्या हातातून त्या हातात घेतलं.

"मेग बसत नाही," ती शेवटी म्हणाली. "पण बोलते फार."

"बोलू दे. मी तिला बोलायला वेळ देणार नाही." मग त्याला आपण फार मऊ पडलो असं वाटलं असावं, कारण तो लगेच म्हणाला, "आणि तबेल्यातल्या त्याला सांग, गिडियन हेटलीची बहीण आहे. तिकडच्या लोकांना तास कसा असतो ते जरा बघू दे म्हणावं. तुला भाकरी जमत नाही, पण मीठ बरोबर घालतेस."

सलगमाचं रान उजवीकडं होतं. टिबी डावीकडं, तबेल्याकडं गेली.

रविवारी नावं पुकारली, त्या पुढच्या आणि त्याच्याही पुढच्या. चर्चच्या दाराशी कुणीतरी टोमणा मारला, "काय गिडियन, पाण्यापलीकडं दिली का शेवटी?" तर हा म्हणतो, "दिली. तिथं शिकवायला कुणीतरी पाठवायला पाहिजेच होतं." आणि मेमध्ये रेफची गाडी लागली, तेव्हा गिडियननं सकाळी उठून स्वतःच्या घराची खिडकी चौकटीसकट काढली आणि गाडीवर बांधली. आई म्हणाली, "अरे, आपल्याला?" तर म्हणाला, "मालक बसवेल. हॉकलॉतल्या पहिल्या नांगऱ्याला मालकानं खिडकी द्यायला नको?" मालकानं नवी सप्टेंबरात बसवली. तोपर्यंत भोकाला पेंढा होता, आणि तो पेंढाही कसा चांगला, वारा कसा गाळून येतो, हे मेगला आणि सगळ्या वस्तीला ऐकावं लागलं.

नंतरही सरकार दर दहा वर्षांनी माणसं मोजत राहिलं. पुढच्या वेळी आई जिवंत होती आणि ठाम होती, म्हणून गिडियन फोगोत जन्मला. त्याच्या पुढच्या वेळी आई नव्हती. मास्तर नवे होते, पोरसवदा, कुणाचं काही माहीत नसलेले. त्यांना त्यानं आधी हॉकलॉ सांगितलं, मग फोगो, मग "थांबा जरा" म्हणाला, आणि ते थांबले नाहीत.

चौथ्या खेपेला तो म्हातारा झाला होता. गुडघे गेले होते, औत सुटलं होतं, आणि थंडी संपेपर्यंत म्हणून तो टिबीकडं राहायला गेला होता, पलीकडं. कागद आला तेव्हा घरचा कर्ता रेफ. चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून रेफ त्याच जुन्या चार काचांच्या खिडकीशी बसला. बाहेर नदी होती, पण त्या काचांतून काहीच्या काही दिसत होती.

गिडियन चुलीशी बसून टाकाचा आवाज ऐकत होता. रेफचं नाव झालं, टिबीचं झालं. आता आपलं. रेफ विचारेल, आणि आपल्याला अजूनही ठाऊक नाही.

रेफनं विचारलंच नाही. टाक बुडवला, लिहिलं, टिपकागद दाबला.

"काय लिहिलंस?" गिडियन म्हणाला.

"स्कॉटलंड."

"नुसतं?"

"इकडं असंच आहे. बाहेरच्या माणसाचं पॅरिश लिहीत नाहीत. नुसतं देशाचं नाव."

गिडियननं ते तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून बघितलं. टिबी भाकरी उलटवत होती. तिनं मान वळवली नाही, पण तिचा हात थांबला होता.

"मग जरा मोठ्या अक्षरात लिहायचं होतंस," गिडियन म्हणाला.